लोग्रोन्योचा इन्क्विझिटर

वाचकहो, इन्क्विझिशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोवा येतो. १५६० साली तेथे हे धर्मन्यायालय आले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या धास्तीने गोवा सोडलेल्या घराण्यांचे वंशज तुमच्यातही असतील. परंतु तेथील खटल्यांची बहुतेक दप्तरे नष्ट झाली. स्पेनमधील पुष्कळशी राहिली. म्हणून इन्क्विझिटर नेमके काय करी हे पाहायला आपण स्पेनमधील लोग्रोन्योला जाऊ.

इन्क्विझिटर हा बहुधा कायदा शिकलेला धर्मगुरू असे. तक्रारी घेणे, संशयिताला कोठडीत ठेवून विचारपूस करणे, कारकुनाकडून जबाब लिहवून घेणे आणि निकाल देणे, हे त्याचे काम. तक्रारदाराचे नाव आरोपीला सांगत नसत. देहदंडासाठी आरोपी सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली होई. धर्मन्यायालयाचे हात कोरडेच!

नोव्हेंबर १६१० मध्ये लोग्रोन्योत चेटकाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळले. कोठडीत मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. न्यायासनावरील तिघांत आलोन्सो दे सालाझार फ्रिआस सर्वांत नवा. एका स्त्रीच्या बाबतीत त्याने वेगळे मत दिले. बाकी निकालात तो सामील होता.

पुढच्या वर्षी तोच माफीचे फर्मान घेऊन नवारच्या डोंगराळ मुलखात फिरला. सुमारे आठ महिन्यांत १,८०२ जणांना त्याने माफी दिली. त्यांतली १,३८४ तर मुलेच होती. सभेला कसे गेलात, कुठे बसलात, काय खाल्लेत, असे त्याने एकेकाला वेगळे विचारले. उत्तरे जुळेनात. चेटकाच्या मलमांची म्हणून २२ मडकी पुढे आली. ती त्याने वैद्यांकडून तपासवली, जनावरांवर वापरून पाहिली. काही झाले नाही.

होमिओपॅथीत हकिगत घेताना ‘हो-नाही’ उत्तराचा प्रश्न विचारू नये, असे हॅनेमानने बजावले आहे. तसे केले तर आपलेच उत्तर रुग्णाच्या तोंडी येते. इतकी वर्षे दवाखाना चालवूनही माझ्याकडून ही चूक होते. सालाझारलाही हेच दिसले. चेटकावर प्रवचने होऊ लागली, चर्चा सुरू झाली, आणि मगच गावोगाव चेटकिणी निघू लागल्या.

दोघे सहकारी त्याच्यावर बिथरले. त्याने मात्र आपले अहवाल माद्रिदच्या वरिष्ठ मंडळाकडे धाडले. २९ ऑगस्ट १६१४ रोजी नवे नियम निघाले. चेटकाच्या खटल्यांत पुराव्याची कसोटी कडक झाली. दोषींचे झगे नावानिशी चर्चमध्ये टांगण्याचा रिवाज होता. १६१० च्या खटल्यातील झगे टांगू नयेत, असेही त्यांत लिहिले होते.