सिंहाआधी रानडुक्कर

शिकारबंदी आणि वन्यप्राण्यांच्या व्यापारबंदीच्या विषयाकडे विद्यार्थी बहुधा सिंहाच्या वाटेने येतात. २०१५ साली एका अमेरिकी दंतवैद्याने झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला, ती गोष्ट त्यांना पाठ असते आणि पैसे मोजून शिकार करणाऱ्यांचा राग मनात असतो. राग असू द्यावा. पण पुण्यात बसून शिकायचं तर सुरुवात पिकात घुसणाऱ्या रानडुकरापासून केलेली बरी.

कारण इथे शिकारीचा वाद घरचाच आहे. परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडवणाऱ्या कंपन्या मध्य प्रदेशात कधीकाळी उघड धंदा करत. तो थांबला हे चांगलंच झालं. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हौशी शिकारी आणि पिकाची राखण करणारा शेतकरी जवळजवळ एकाच पिंजऱ्यात उभे राहिले. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तर हा कायदाच रद्द करा म्हणण्यापर्यंत गेले. स्वीडनमध्ये मूसची शिकार परवान्याने, ठरलेल्या मर्यादेत होते. मग आपल्याकडे रानडुकराची का नको, हा त्यांचा सवाल. पुण्यातलेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे मोजमापाच्या बाजूने आले. त्यांनी सहकाऱ्यांसह ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरची शेतं अभ्यासली, तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा उत्पन्नातली घट कितीतरी मोठी निघाली. पंचनाम्यात खाल्लेलं कणीस येतं. मचाणावर जागून काढलेल्या रात्री आणि भीतीपोटी पडीक ठेवलेला तुकडा येत नाही.

हे मनात ठेवून मग आफ्रिकेत जावं. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. नामिबियाने १९९६ साली वन्यप्राण्यांवरचे हक्क आणि शिकारीचं उत्पन्न गावसंस्थांकडे वळवलं. बोट्स्वानाने २०१४ साली बंदी घातली, २०१९ साली उठवली. मला नामिबियाचा मार्ग मोहवतो. पण त्या विरळ वस्तीच्या देशाचा नियम जुन्नरच्या उसात, जिथे बिबट्या आणि ऊसतोडीची टोळी एकाच फडात असतात, तसाच चालेल असं वाटत नाही.

व्यापारबंदीचं प्रकरण याहून किचकट. स्टार कासव पाळणं आपल्याकडे गुन्हा, २०१९ साली ते वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही गेलं. तरी ‘लकी’ म्हणून ते घराघरांत दडवलेलं सापडतंच.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचा. त्याआधी फक्त वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ काढून बघा. संरक्षणाच्या या कायद्यातच शिकारीची परवानगी देणारं कलम आहे, आणि त्यात उभ्या पिकाचा स्पष्ट उल्लेख आहे.