शब्दवेध : सर्वंकष

मराठीत ‘सर्वंकष विचार’ ही शाबासकी असते, ‘सर्वंकष सत्ता’ मात्र धडकी भरवते. मूळ शब्द या दुसऱ्या अर्थाच्या जवळचा. संस्कृत ‘कष्’ म्हणजे घासणे, खरवडणे. सोन्याचा ‘निकष’ही याच धातूचा. काठ खरवडणारी नदी ती कूलंकषा, ढगांना घासणारा पर्वत तो अभ्रंकष. हे शब्द ज्या सूत्राने घडतात, त्याच सूत्रात व्याकरणकार पाणिनीने ‘सर्व’ही बसवला. मग सर्वंकष कोण? पाणिनीच्या सूत्रांवरील टीका असलेल्या काशिकावृत्तीचे उदाहरण आहे : खल, म्हणजे दुष्ट!

राजकारणात हा शब्द आला तो ‘टोटॅलिटेरियन’चा प्रतिशब्द म्हणून. ‘तोतालितारियो’ हे विशेषण इटलीतील उदारमतवादी नेते जोव्हान्नी आमेन्दोला यांनी १९२३ मध्ये फॅसिस्टांवर टीका करताना वापरले. १९२५ मध्ये मुसोलिनीने ती शिवीच बिरुद म्हणून मिरवली. त्याच वर्षी फॅसिस्ट टोळीने आमेन्दोलांना बेदम मारले; १९२६ मध्ये ते गेले.

पण सगळे खरेच खरवडले गेले का? इटलीत राजा उरला, पोपचे चर्च उरले. १९४३ मध्ये मुसोलिनीला बडतर्फ केले ते राजानेच. नाझी जर्मनीतील गेस्टापो या गुप्त पोलीस दलाची दप्तरे इतिहासकार रॉबर्ट जेलाटेली यांनी तपासली, तेव्हा कित्येक चौकश्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुगल्यांतून सुरू झालेल्या दिसल्या. म्हणून हुकूमशाहीचा इतिहास आता राजधानीइतकाच गल्लीतही शोधला जातो. खरवडणारे सगळेच हात काही सरकारी नव्हते.