तळटीप : ‘देव घरी आला’

* हे शब्द इथे अक्षरशः घ्यावेत. रत्नागिरीच्या शिमग्यात ग्रामदेवतांची रुपी (मुखवटे) पालखीत लावली जातात आणि देव देऊळ सोडून आधी रस्त्यावर, मग दारोदारी येतो. खुद्द शहरात हा मान बारा वाड्यांच्या श्रीदेव भैरीचा. त्याची पालखी फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री बाहेर पडते. खेड्यांत काही ठिकाणी होम त्रयोदशीला (‘तेरसे शिमगे’), तर काही ठिकाणी पौर्णिमेला (‘भद्रेचे शिमगे’). अंगणात देवाची ओटी भरतात, गाऱ्हाणे घालतात. पालखी ‘नाचवणे’ म्हणजे नुसती हलवणे नव्हे : ढोलाच्या ठेक्यावर ती खांद्यावरून डोक्यावर जाते, गरगर फिरते, आणि पुरलेला नारळ तीच हुडकते. याला ‘खूण काढणे’ म्हणतात. सोबत नमन-खेळे असतात. त्यांतल्या संकासुराला पोरे घाबरतात आणि तरी त्याच्याच मागे धावतात. मुंबईचा चाकरमानी एरवी रजा वाचवतो ती या दिवसांसाठी.

स्पेनमधल्या वालेन्सियातही १९ मार्चच्या रात्री चौकाचौकांत भव्य पुतळे जाळून ‘फायास’ साजरा होतो. आग आणि रस्ता दोन्हीकडे आहेत. पण उंबऱ्यापर्यंत चालत येणारा देव ही कोकणाची गोष्ट आहे. — संपादक