शेवटच्या अंकातील लग्न

कथा-कादंबरीत स्त्रीवरील बलात्कार शृंगाराचा साज चढवून रंगविला जातो आणि एखादा वाचक त्यास हरकत घेतो, तेव्हा त्याला ठरावीक उत्तर मिळते. तुम्ही फार सोवळे, तुम्हांला कलेतले काही कळत नाही! ही हरकत म्हणजे आजकालचे खूळ आहे, असेही वर सांगितले जाते. इतिहास मात्र निराळे सांगतो. सोळाशे वर्षांपूर्वी एका वाचकाने हीच हरकत लिहून ठेवली आहे. तो वाचक कलेचा वैरी नव्हता. लॅटिन वक्तृत्वशास्त्राचा तो नामवंत शिक्षक होता. त्याचे नाव संत ऑगस्टिन.

ऑगस्टिनचा जन्म इ.स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरियातील सूक अहरास ते हेच. त्या काळी शाळांतून टेरेन्सची नाटके भाषेचा आदर्श म्हणून शिकविली जात. त्यांपैकी 'युनुकस' म्हणजे 'षंढ' हे नाटक इ.स.पू. 161 मध्ये रोमला रंगभूमीवर आले. ते इतके गाजले की, एकाच दिवशी त्याचे दोन प्रयोग झाले आणि त्यासाठी आठ हजार सेस्टर्स मिळाले. तोवर कोणत्याही विनोदी नाटकाला एवढी रक्कम मिळाली नव्हती.

नाटकाचे कथानक थोडक्यात असे. खायरेआ नावाचा तरुण पाम्फिला या मुलीला रस्त्यात पाहतो आणि नजराणा म्हणून पाठवायच्या षंढ गुलामाचे सोंग घेऊन तिच्या घरात शिरतो. तेथे एक चित्र असते : ज्युपिटर देव सुवर्णवृष्टीच्या रूपाने डॅनाएजवळ उतरत आहे. देवाला जे चालते ते मला का चालू नये, असे म्हणून तो तिच्यावर बलात्कार करतो. तिची वस्त्रे फाटली आहेत, केस ओढले गेले आहेत, ती रडते आहे आणि विचारले तरी बोलायला धजत नाही, हे आपल्याला दासीच्या तोंडून कळते. शेवटी ती मुलगी अथेन्सच्या नागरिकाची कन्या असल्याचे उघड होते. लग्न ठरते. सारे आनंदी होतात. संपूर्ण नाटकात पाम्फिलाला एकही वाक्य नाही.

इ.स. 397 ते 400 च्या सुमारास ऑगस्टिनने 'कन्फेशन्स' हे आत्मनिवेदन लिहिले. त्याच्या पहिल्याच भागात त्याने या प्रसंगावर बोट ठेवले आहे. मुलांना चांगली भाषा यावी म्हणून असला मजकूर शिकविण्याची काय गरज, असे तो विचारतो. शब्दांना तो दोष देत नाही. त्या शब्दांतून मुलांना जे पाजले जाते त्याला देतो. देवाचे चित्र पाहून खायरेआला कुकर्माची मुभा मिळाली. मग खायरेआचे यश पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काय मिळणार? मात्र ही तक्रार करताना ऑगस्टिन स्वतःला वेगळे काढीत नाही. हे सारे आपण आवडीने शिकलो आणि होतकरू मुलगा म्हणून नावाजले गेलो, अशी कबुली तो देतो.

तरीही एक उणीव राहतेच. येथे त्याला चिंता आहे ती तरुणाच्या चारित्र्याची. पाम्फिलाचे काय, हे तो विचारीत नाही. त्या बाजूकडे त्याला पुढे एका भीषण घटनेने वळविले. 410 साली अलारिकच्या व्हिसिगॉथ सैन्याने रोम लुटले. अनेक स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, अत्याचार झाले. 413 मध्ये लिहावयास घेतलेल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या आरंभीच ऑगस्टिनने त्यांची बाजू घेतली. मनाची संमती नसताना शरीरावर जे लादले गेले त्याने शील जात नाही. पाप करणाऱ्याचे, सोसणारीचे नव्हे. बलात्कारानंतर आत्महत्या केलेल्या लुक्रेशियाला रोमने आदर्श मानले होते. ती निर्दोष होती, तर तिने मरणाची शिक्षा का भोगावी, असा त्याचा सवाल आहे. लुक्रेशियाविषयी त्याचे काही शब्द आज आपल्याला कठोर वाटतात. पण वाचलेल्या स्त्रियांना त्यांच्या जिवंत असण्याची लाज वाटू नये, हा त्याचा हेतू स्पष्ट आहे.

शेवटच्या अंकातील लग्नाला कादंबरीतून ठाम नकार मिळाला तो फार उशिरा. लंडनमधील मुद्रक सॅम्युअल रिचर्डसन याची 'क्लॅरिसा' ही कादंबरी 1747-48 मध्ये प्रसिद्ध झाली. लव्हलेस हा देखणा, बोलघेवडा उमराव क्लॅरिसाला गुंगीचे औषध देऊन भ्रष्ट करतो आणि मग लग्नाला तयार होतो. आप्तमित्र तिला तोच सल्ला देतात. ती साफ नाकारते. कादंबरी खंडशः निघत असताना वाचकांकडून विनवण्या आल्या. लेडी ब्रॅडशे या वाचक बाईंनी तर टोपणनावाने पत्रे लिहून, लव्हलेसला सुधारा आणि दोघांचे लग्न लावा, असा आग्रह धरला. रिचर्डसन बधला नाही. सुधारलेला लंपट उत्तम नवरा होतो, ही समजूतच त्याला खोडून काढायची होती. लव्हलेसवर वाचक लुब्ध होत आहेत हे पाहून त्याने पुढील आवृत्त्यांत टिपा घातल्या, त्याचे दुष्टपण अधिक ठळक केले.

हा वाद पुस्तकापुरता होता, असे कोणी म्हणू नये. बलात्काऱ्याने त्या स्त्रीशी विवाह केल्यास गुन्हा पुसला जाई, असे कलम ज्या इटलीत टेरेन्सचे नाटक प्रथम रंगले तेथील दंडसंहितेत होते. डिसेंबर 1965 मध्ये सिसिलीतील अल्कामो येथून सतरा वर्षांच्या फ्रांका व्हिओला हिला पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार करण्यात आला. गावाच्या रीतीप्रमाणे लग्न करून अब्रू 'वाचविणे' तिने नाकारले. वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. 1966 साली आरोपीला शिक्षा झाली. ते कलम रद्द व्हायला मात्र 1981 साल उजाडावे लागले.

वाचकहो, साहित्याने पापाचे चित्रण करू नये, असे येथे म्हणणे नाही. पवित्र शास्त्रातही अम्नोनने तामारवर केलेला बलात्कार सांगितलेला आहे. पण तेथे तामार बोलते, विनवते, आक्रोश करते, आणि त्या कृत्याला कोणी प्रेमाचे नाव देऊन शेवट गोड करीत नाही. आपल्या घरी मुलामुलींच्या हाती एखादी लोकप्रिय कादंबरी दिसली, तर ती हिसकावून घेण्याचे कारण नाही. ती वाचून झाली की एवढेच विचारावे : त्या मुलीला या गोष्टीत बोलू दिले आहे का?