ओल्या कोब्यातलं साल

इतिहासाच्या माणसाला जुने कागद वाचायची सवय असते. मला त्यात आणखी एक खोड आहे. बीड जिल्ह्यात कुणाच्याही घरी गेलो की चपला काढता काढता मी खाली बघतो. उंबऱ्याच्या आत, बैठकीच्या खोलीच्या तोंडाशी, कोबा ओला असताना खिळ्यानं काहीतरी कोरलेलं असतं. घरमालकाचं नाव, एखादं स्वस्तिक, कधी लक्ष्मीची पावलं आणि खाली साल. हा ताम्रपट नाही, शिलालेखही नाही. पण ज्या घराविषयी ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यापलीकडं एक ओळ सापडायची नाही, त्या घरानं स्वतःबद्दल लिहून ठेवलेला तो एकमेव मजकूर असतो. आज बोलायचं आहे ते त्याच्याविषयी. आपल्या बैठकीच्या भिंतीचा तांबूस-पिवळा रंग आणि पायाखालचा कोबा, ही दोन्ही कुठून आली याविषयी.

आपल्या बोलण्यात गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्ती. हा नुसता वाक्प्रचार नाही, त्यात बांधकामाचं शास्त्र आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिची भिंत उभी राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुलीची राख पडली, जुन्या भिंती ढासळून मातीत मिळाल्या, अशा वस्तीच्या जागेची माती पांढरी होते. त्याच मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. तीच माती माळवदावर चढली. घर म्हणजे उचलून उभी केलेली पांढरीच.

या घरांचं मोजमाप खणांत असे. दारातून आत आलं की दोन्ही बाजूंना ढाळज, पुढं चौक, मग ओसरी आणि बैठक. भिंती दोन-अडीच हात रुंद, खिडक्या कमी आणि लहान, छतात एखादा झरोका. आत उजेड बेताचाच. अशा खोलीत भिंतीचा रंग ही हौस नव्हती, गरज होती. वरचा भाग पांढऱ्या मातीनं किंवा चुन्यानं उजळायचा, म्हणजे झरोक्यातून आलेला थोडका उजेड खोलीभर पसरतो. खालचा कमरेएवढा पट्टा गेरूनं तांबडा करायचा, म्हणजे टेकून बसणाऱ्यांच्या पाठीचे डाग आणि सारवणाचे शिंतोडे दिसत नाहीत. दारा-कोनाड्यांभोवती पिवडीची पिवळी किनार. आज रंगाच्या दुकानातल्या पुस्तिकेत ज्यांना ‘उबदार छटा’ म्हणतात, त्या सगळ्या आपल्याकडं अशा कामापोटी आल्या.

या तांबड्या रंगाला जुन्या मराठीत आणखी एक नाव होतं, हिरमुजी. हे नाव थेट इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटावरून आलेलं आहे. तिथली तांबडी माती व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिचं नाव भाषेत राहून गेलं. खेड्यातली बाई गेरू वापरायची तो जवळच्या बाजारातला, पण तिच्या तोंडी असलेला शब्द समुद्र ओलांडून आलेला होता.

आता जमिनीकडं येऊ. माझ्या आजीच्या घरी बैठकीसकट सगळी जमीन शेणानं सारवलेली असायची. शेण, माती आणि पाणी कालवायचं, उकिडवं बसायचं आणि हातानं अर्धगोल ओढत मागं मागं सरकायचं. आठवड्यातून एकदा तरी, शिवाय सणाला, पाहुणे येणार म्हणून, घरात सुतक फिटलं म्हणून. दिवाळीच्या आधी भिंतींचं काम असायचं ते वेगळं. त्यासाठी पांढरी माती आणायला बाया पाट्या घेऊन गावाबाहेरच्या खाणीवर जायच्या. वर्षानुवर्षं खोदून त्या खाणी आत पोकळ झालेल्या असत, आणि दरड कोसळून बाया दबल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. सारवलेल्या जमिनीचं कौतुक करणारे लेख मी पुष्कळ वाचले. तिच्या थंडाव्याचं कौतुक खरंच आहे. पण आजीची बोटं मला आठवतात. त्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या.

श्रीमंत वाड्यांत तेव्हाही दुसरी सोय होती. एक शहाबादी फरशी आणि दुसरा चुन्याचा कोबा. ‘कोबा’ हा शब्द सिमेंटच्या आधीचा. चुनखडी भाजायची, तो चुना बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालायचं, विटांचा चुरा मिसळायचा आणि ते पसरून लाकडी थापीनं दिवसच्या दिवस ठोकायचं. गच्च्या अशाच होत आणि वाड्यांच्या जमिनीही. इतकी मजुरी ज्याला परवडेल त्याच्याच घरी हा कोबा.

मग सिमेंट आलं. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिननं १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. हिंदुस्थानात व्यापारी प्रमाणावरचं उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं. आपल्या भागाला जवळचा कारखाना म्हणजे शहाबादचा. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं आणि शहाबादही त्याच राज्यात, गुलबर्गा म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. झाली, त्यांत शहाबादची कंपनी होती. गंमत अशी, की ज्या चुनखडकाची शहाबादी फरशी निघते, त्याच पट्ट्यातला चुनखडक भाजून हे सिमेंट व्हायचं. म्हणजे सावकाराच्या ओसरीतली फरशी आणि पुढं गरिबाच्या बैठकीत आलेला कोबा, दोघांचं माहेर एकच.

पण माहेर जवळ असून माल येईना. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परवाना, कोटा, तहसीलच्या खेपा, आणि चार पोती मिळवण्यासाठी चार जणांची मिनतवारी. सिमेंटची टंचाई केवढी होती याची आठवण महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. सिमेंटच्या कोट्यावरून उठलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारनं नियंत्रण अंशतः उठवलं आणि १ मार्च १९८९ पासून ते पूर्ण गेलं. आता माझ्या खोडीकडं परत येतो. उंबऱ्यापाशी मी वाचलेली सालं बहुतेक या तारखांच्या अलीकडची आहेत. माझी ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे. पण दिल्लीचा निर्णय पाटोद्याच्या किंवा शिरूरच्या खेड्यात कधी पोचला, हे कोबा सांगतो.

तो करायचा कसा, हेही सांगायला हवं, कारण त्यात कोण राबलं ते दिसतं. घर काळीवर असेल तर आधी ती माती काढून टाकावी लागते, नाहीतर ती फुगते आणि कोबा तडकतो. त्या जागी मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसानं ठोकायचा. वर दगडांचं सोलिंग, त्यावर खडी-वाळू-सिमेंटचा थर, आणि शेवटी गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरून घोटाई करतो. ज्याच्याकडं दोन पैसे जास्त, तो त्यात लाल रंग टाकायला सांगतो. मग बैठकीत तांबडी, आरशासारखी जमीन होते, गेरूच्या पट्ट्याला शोभणारी. ओल्या पृष्ठभागावर दोरी दाबून चौकटी पाडतात. लांबून शहाबादी वाटावी म्हणून. गवंड्याची हजेरी इथं संपते. पुढचे सात-आठ दिवस कोब्यावर पाणी धरायचं असतं. ते धरलं नाही तर सिमेंट कच्चं राहतं आणि पुढं पाऊल फिरेल तशी भुकटी उडते. ते पाणी लांबच्या आडावरून आणायची ती बाई. कोब्यात कोरलेलं नाव मात्र घरधन्याचं.

बीड जिल्ह्यात या कोब्याला आणखी एक अर्थ आहे, जो पुण्या-मुंबईत नाही. इथल्या डोंगरपट्ट्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे. घरी म्हातारी माणसं, किंवा नुसतं कुलूप. सारवलेली जमीन रोजच्या हातावर जगते. सहा महिने तिला हात लागला नाही की ती उकलते, घूस ती पोखरते, वाळवी भिंतीला लागते. परत आल्यावर बाईनं आधी कोयत्यानं फुटलेल्या हातांनी घर नव्यानं उभं करायचं. कोबा असला की कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, पाण्यानं पुसायचं, झालं. म्हणून कित्येक घरांत उचलीचा पैसा लग्न आणि आजारपण सोडलं तर इथंच जिरला. शहरातल्या माणसाला करडं सिमेंट रूक्ष वाटेल. सहा महिने परमुलखात पालापाचोळ्यावर निजलेल्या माणसाला त्यावर पाठ टेकली की आपण घरी आलो असं वाटतं.

मात्र कोबा घरात कोणत्या वाटेनं शिरला, ते बघा. आधी बैठक. कारण तिथं पाहुणा येतो, सोयरीक ठरते, मुकादम बसतो. मग मधली खोली. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, आणि पैसे संपले तर कधीच नाही. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथं बैठकीच्या कोब्यावर एक साल आहे आणि आतल्या कोब्यावर त्यानंतरचं बारावं-पंधरावं. मधली सगळी वर्षं आतली बाई सारवतच होती. दर्शनी भागाला रंग आणि सिमेंट, आणि जिथं राबणूक जास्त तिथं माती. घराची ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नाही, पण जमिनीवर ती स्पष्ट वाचता येते.

माळवदाची जागा बदलली ती भीतीनं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यातली बरीचशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर मातीचा थर चढत आलेला होता. त्याचं वजन कुणी मोजलेलं नव्हतं. आपल्याकडंही हादरे बसले आणि पुढं कित्येक रात्री लोक अंगणात झोपले. त्यानंतर ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. भीती गेली, पण तिच्याबरोबर उन्हाळ्यातला गारवाही गेला. मेमध्ये पत्र्याखालच्या बैठकीत दुपारी बसवत नाही. कोबा हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना लागतो. हा हिशेबही मांडलाच पाहिजे.

भिंतींवर मधल्या काळात डब्यातला रंग आला. एशियन पेंट्स कंपनी मुंबईत १९४२ साली निघाली. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला तिचा गट्टू, हातात ब्रश घेतलेला तो खोडकर पोरगा, गावोगावच्या दुकानांच्या भिंतींवर पोचला. चुन्यात पिवडी कालवायची पद्धत मागं पडून डिस्टेंपर आला. हवा तो रंग मिळू लागला, आणि तरीही आपल्या बैठकांकडं बघा. खाली तांबडा किंवा तपकिरी पट्टा, वर पिवळसर नाहीतर फिकट केशरी. डबा बदलला, नजर बदलली नाही. दिवाळीला त्याच घरची सून दारातल्या कोब्याचा हातभर चौकोन शेणानं सारवते आणि मग त्यावर रांगोळी काढते. रोजचं ओझं तिनं टाकून दिलं. जे तिला हवं होतं, ते तेवढं ठेवलं.

अलीकडं पुण्या-मुंबईतल्या नव्या घरांत गुळगुळीत फरशी काढून मुद्दाम सिमेंटची उघडी जमीन करून घेतात, भिंतीला गेरूचा रंग देतात. त्याला चांगला दाम मोजतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. दिसायला छानच दिसतं. फक्त एवढंच वाटतं, की या जमिनीला आणि या रंगाला ‘साधेपणा’ म्हणताना जरा थांबावं. आपल्याकडं हे साधेपणातून आलं नाही. कोट्याच्या रांगेतून, उचलीच्या पैशातून, भूकंपाच्या धास्तीतून आणि बायकांच्या कंबरेच्या दुखण्यातून आलं.

१९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनं घेतली. घर किमान २५ चौरस मीटरचं, आणि नियम असा की मंजुरी शक्यतो नवरा-बायको दोघांच्या नावानं किंवा बाईच्या नावानं व्हावी. कागदावर तिचं नाव आलं. आता तुमच्यापैकी कुणाच्या घरी कोबा पडायचा असेल, तर माझं एवढं ऐका. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. आणि घोटाई झाल्यावर, ओल्या सिमेंटवर खिळा टेकवाल तेव्हा सालाच्या वर दोन नावं कोरा. पुढं कुणी माझ्यासारखा चपला काढता काढता खाली बघेल, तेव्हा त्याला खरा इतिहास वाचायला मिळेल.