दशपर्णीच्या ड्रममधली अमेरिका

किडींवर फवारायचा दशपर्णी अर्क ऋषिमुनींच्या काळापासून चालत आलाय, असं शिवारात सर्रास सांगितलं जातं. त्यातली पानं मात्र एकेक करून पाहावीत: कडुनिंब, करंज, निर्गुडी, रुई, एरंड, गुळवेल, कण्हेर, सीताफळ, पपई, घाणेरी. शेवटची तिन्ही मूळची अमेरिकेतली. वरून पडणारा हिरव्या मिरचीचा ठेचाही तिकडचाच! पपई आणि मिरची पोर्तुगीजांच्या काळात आली. घाणेरी इंग्रजांच्या अमदानीत शोभेसाठी बागेत लागली आणि कुंपण ओलांडून रानभर माजली. गोमूत्र-शेणासह २०० लिटरच्या ड्रममध्ये महिनाभर कुजवतात तो आजचा अर्क, त्यामुळे, सव्वादोनशे वर्षांपलीकडचा असूच शकत नाही.

सीताफळावर वाद आहे. भारहूतच्या प्राचीन स्तूपावरच्या शिल्पांत पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला ते दिसलं होतं. ते खरं धरलं, तर सीताफळ कोलंबसाच्या आधीच इथं होतं. मला हे पटत नाही. दगडातलं खवल्यांचं फळ फणसही असू शकतं. शिवाय सीताफळ सोडलं तरी पपई आणि घाणेरी उरतातच.

अर्क प्राचीन मानणारा पक्ष सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या जुन्या संस्कृत ग्रंथाकडे बोट दाखवतो. त्यात किडींवर उपाय आहेत, वावडिंग-मोहरीची धुरीही आहे. पण धुरी वेगळी आणि कुजवून फवारलेला अर्क वेगळा.

माझ्या मते दशपर्णीचं मूळ पोथीत नसून गुराख्याच्या नजरेत आहे. उजनीकाठच्या डाळजपासून बारामतीच्या जिरायत माळापर्यंत बांधावर बघा: गुरं सगळं ओरबाडतात, पण रुई, निर्गुडी, घाणेरी तशीच उभी. जनावर तोंड लावत नाही ते किडीलाही नको, एवढाच तो नियम. नवी घाणेरी आली, तीही याच नियमानं यादीत शिरली. १९५९ साली सुदानमध्ये जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी टोळधाडीनंतर हिरवा राहिलेला कडुनिंब पाहिला, तीही हीच नजर.

यावर कुणी म्हणेल, कडुनिंबाचा पाला तर शेळ्या आवडीनं खातात. बरोबर. तो बांधावरून आलाच नाही, घरातून आला: धान्याच्या कणगीत पाला घालायची रीत जुनीच. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावत, तेव्हा तेही घरातलंच. पपईही परसातूनच आली असावी.

म्हणून ऋषिमुनींचा दाखला सोडावा, अर्क सोडू नये. मात्र झाडपाल्याचा आहे म्हणून निर्धोक समजू नका. कण्हेर आणि रुई विषारी आहेत. पाला ठेचताना हातमोजे घाला, रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि ड्रम पोरांपासून लांब ठेवा.