जालपटल विलगन : शस्त्रक्रियेचा इतिहास

डोळ्याच्या आतील बाजूस असलेला जालपटल हा प्रकाशसंवेदी थर त्याच्यामागील रंजितपटलापासून सुटून येण्याच्या विकृतीस जालपटल विलगन म्हणतात. जालपटलातील दृक्कोशिकांचे पोषण रंजितपटलातील रक्तवाहिन्यांवर अवलंबून असल्याने सुटलेला भाग हळूहळू निकामी होतो. डोळ्यासमोर ठिणग्या चमकणे, काळे ठिपके तरंगणे व पुढे एका बाजूने पडदा ओढला गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे होत. वेदना मुळीच नसल्यामुळे रोगी अनेकदा उशिरा येतो.

हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्दर्शक (डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण) प्रसिद्ध केल्यावर हे विलगन जिवंत डोळ्यात दिसू लागले. तथापि दिसू लागलेला रोग बरा करता येईना. दोन्ही डोळ्यांस पट्टी बांधून रोग्याला कित्येक आठवडे निश्चल निजवून ठेवणे, घाम आणविणे, मीठ वर्ज्य करणे, श्वेतपटलास भोक पाडून साचलेला द्रव काढणे असे नाना उपचार होत. १९१२ मध्ये अमेरिकेतील नेत्रवैद्यांकडे चौकशी केली असता हजारात सुमारे एकच रोगी बरा होतो, असे आढळले. अंथरुणावरील ही शिक्षा रोग्याने बहुधा व्यर्थच भोगली.

या अपयशाचे कारण रोगाच्या उपपत्तीत होते. जालपटलामागे पाझरणारा द्रव त्यास पुढे ढकलतो, असा समज रूढ होता. टेओडोर लेबर यांनी १८८२ मध्ये जालपटलातील छिद्रांकडे व काचाभ द्रव्याच्या ओढीकडे लक्ष वेधले होते. परंतु छिद्र हे विलगनाचे कारण की परिणाम, हा वाद मिटला नाही. लोझॅन येथील झ्यूल गोनँ (१८७०–१९३५) यांनी तो शस्त्रक्रियेने सोडविला. त्यांच्या मते आकसलेले काचाभ द्रव्य जालपटलास ओढते, जालपटल फाटते आणि त्या छिद्रातून द्रव मागे शिरतो. म्हणून छिद्र बंद केल्यावाचून अन्य सर्व उपाय निष्फळ. ते आधी छिद्र शोधून त्याची जागा डोळ्याच्या बाह्य पृष्ठभागावर मोजमापाने निश्चित करीत. नंतर तेथे श्वेतपटल छेदून द्रव बाहेर काढीत व तापलेल्या टोकाने डाग देत. व्रण भरून येताना जालपटल रंजितपटलास चिकटे. १९२० च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीस प्रारंभी विरोधच झाला. १९२९ च्या ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेनंतर ती सर्वत्र मान्यता पावली.

पुढील पद्धती भिन्न दिसल्या, तरी त्यांचे लक्ष्य गोनँ यांचे छिद्रच होय. तापलेल्या टोकाची जागा प्रथम विद्युत् उष्णतेने व पुढे अतिशीतनाने घेतली. एर्न्स्ट कुस्टोडिस यांनी १९४९ मध्ये श्वेतपटलावर बाहेरून गादीसारखा तुकडा शिवून भिंतच आत दाबली व छिद्र मिटविले. मूळचे बेल्जियमचे चार्ल्स स्केपेन्स यांनी बॉस्टन येथे डोळ्याभोवती पट्टा आवळण्याची पद्धत रुजविली. त्यांनी बनविलेल्या, डोक्यावर बांधावयाच्या द्विनेत्री अप्रत्यक्ष नेत्रांतर्दर्शकाचे महत्त्व मात्र कदाचित पट्ट्याहूनही अधिक आहे. कारण जालपटलाच्या कडेची बारीक छिद्रे त्यामुळे दिसू लागली आणि जे दिसते तेच मिटविता येते.

काचाभ द्रव्यास हात लावू नये, हा दंडक रॉबर्ट माखेमर यांनी मोडला. १९७० मध्ये मायॅमी येथे त्यांनी श्वेतपटलातून सूक्ष्म उपकरण आत घालून ते द्रव्य कापून शोषून घेतले व ओढीचे मूळच काढले. त्या जागी भरलेला वायू किंवा सिलिकोन तेल जालपटलास जागी दाबून धरते. वायू वर चढत असल्याने छिद्राच्या स्थानानुसार रोग्यास काही दिवस मान खाली घालून राहावे लागते, आणि तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. पट्टी व अंथरूण गेले. विशिष्ट स्थितीत राहण्याचे बंधन अशा रीतीने पुन्हा आले.

आता पहिल्याच शस्त्रक्रियेत सु. ८५ ते ९० टक्के रोग्यांचे जालपटल पूर्ववत चिकटते. मात्र मध्यवर्ती पीतबिंदू आधीच सुटला असल्यास जालपटल चिकटूनही दृष्टी बहुधा पूर्णपणे परत येत नाही. यामुळे पीतबिंदू अद्याप जागेवर असलेल्या रोग्याची शस्त्रक्रिया तातडीची मानतात.